मार्केटप्लेस की स्वतःची वेबसाइट: कायद्याचा जाच कुठे किती?

घरी शिवलेल्या कापडी पिशव्या ऑनलाइन विकायच्यात. मोठ्या मार्केटप्लेसवर (जिथे अनेक विक्रेते आपला माल विकतात अशा साइटवर) खातं उघडायचं की स्वतःची साइट काढायची? कमिशनचा हिशोब सगळेच मांडतात, कायद्याकडे मात्र पहिली नोटीस येईपर्यंत कुणी बघत नाही.

आधी जीएसटी. ‘स्वतःच्या साइटवर विकलं की नोंदणी लागत नाही’ हे अर्धंच खरं. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाच्या 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे, पण माल राज्यातल्या राज्यात जात असेल तरच. पहिली पिशवी इंदूरला गेली की सूट संपली (हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना थोडी सवलत आहे, यादी तपासून घ्या). मार्केटप्लेसवर पूर्वी राज्यातल्या विक्रीलाही नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्यांसाठी ती अट सुटली. पूर्ण नोंदणीऐवजी पॅनवर जीएसटीचा एनरोलमेंट क्रमांक काढला की भागतं. त्यामुळे इथे दोन्ही वाटा जवळपास सारख्याच. गिऱ्हाईक राज्याबाहेरचं आहे का, एवढाच प्रश्न.

खरा फरक हातात पडणाऱ्या पैशांत. नोंदणी असलेल्या विक्रेत्याच्या 1 लाखाच्या विक्रीवर मार्केटप्लेस जीएसटीचा 0.5 टक्के टीसीएस (विक्रीच्या पैशांतून आधीच कापलेला कर) म्हणजे 500 रुपये कापून घेतं, शिवाय आयकराचा 0.1 टक्के टीडीएस, 100 रुपये. (पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीला वर्षाला 5 लाखांपर्यंत हा टीडीएस नाही.) पैसे बुडत नाहीत, पण परत मिळवायला दर महिन्याला आकडे जुळवत बसावं लागतं. स्वतःच्या साइटवर ही कटकट नाही.

तिथली कटकट वेगळी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइट तुमची असली की तुम्हीच ‘ई-कॉमर्स संस्था’. कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठळक हवा. ऑर्डरच्या पानावर संमतीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवलेली चालत नाही. ती गिऱ्हाइकानेच करायची. तयार टेम्पलेट घेणारे नेमके इथे फसतात. ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर तुमच्याकडे साठतात, म्हणजे 2023 चा डेटा संरक्षण कायदाही तुमच्याच दारात.

‘मार्केटप्लेसवर विकतोय, तक्रारी ते बघतील’ हा समज मात्र सोडून द्या. तक्रार अधिकारी विक्रेत्यालाही नेमावा लागतो: 48 तासांत पोच, महिन्याभरात निवारण. घरच्या धंद्यात तो अधिकारी म्हणजे तुम्हीच. सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही. एमआरपी, नग किंवा वजन, मूळ देश पानावर दाखवायची जबाबदारीही बहुतेक वेळा विक्रेत्यावरच येते. आणि दोन्हीकडे, कोलकात्याचं गिऱ्हाईक 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने कोलकात्यातच तक्रार दाखल करू शकतं.

माझं मत विचाराल तर नवख्याने पहिलं वर्ष मार्केटप्लेसवर काढावं. पेमेंट आणि डेटाची बरीचशी जोखीम तिकडे राहते. त्यांच्याशी होणारा करार मात्र ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी वाचा. कोणत्या विक्रेत्यांना वेगळी वागणूक मिळते, हे अटींत लिहिणं नियमाने त्यांना बंधनकारक आहे. रोजचं गिऱ्हाईक जोडलेलं आणि राज्यातलंच असेल, तर मग सरळ स्वतःची साइट.