नऊ तारखेची मोफत तपासणी: चौथ्या महिन्यात गेलात तर पदरात काय पडतं?

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची रांग लागते, ती प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानामुळे. २०१६ पासून चालू असलेली ही मोफत तपासणी चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी आहे. नऊ महिने म्हणून नऊ तारीख. रविवार किंवा सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. चौथ्या महिन्यात पहिल्यांदा जाणारीला हा दिवस नक्की उपयोगी पडतो. मात्र दवाखान्यात किती तास बसलात याला महत्त्व नाही, निघताना कार्डावर काय काय लिहून मिळालं ते बघायचं.

जमत असेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन, बीपी, हिमोग्लोबिन होतं, पण सोनोग्राफीचं मशीन सहसा नसतं आणि स्त्रीरोगतज्ज्ञ येतीलच असंही नाही. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, आधीचे सगळे रिपोर्ट, पाण्याची बाटली आणि डबा असू द्या. शेवटच्या पाळीची तारीख पाठ असायला हवी, कारण पुढचे सगळे आठवडे तिच्यावरूनच मोजतात. “होळीच्या आसपास” असं सांगितलं की हिशोब दोन आठवड्यांनी सहज चुकतो.

पूर्ण दिवस मोडतो तो साखरेच्या तपासणीने. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात कालवून पाच ते दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशीपोटी असण्याची अट नाही. म्हणून केस पेपर निघाला की आधी लघवीचा नमुना द्या, लगेच ग्लुकोज प्या, वेळ पेनने कार्डाच्या कोपऱ्यात लिहा आणि बाकीच्या रांगा त्या दोन तासांत उरका. उलट क्रमाने गेलेल्या बायका दुपारी दोनपर्यंत ताटकळतात. या दोन तासांत चहा, बिस्किट, कॅन्टीनचा वडापाव काही नको. रिपोर्ट चुकतो तो बहुतेक इथेच. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह धरून आधी आहार सांगतात. कमी आला तरी २४ ते २८ आठवड्यांत एकदा परत करायची असते. ही दुसरी वेळ सर्रास राहून जाते.

बीपी घेताना घाई होते. जिना चढून आल्या आल्या, साडीच्या किंवा ड्रेसच्या बाहीवरून पट्टा बांधून घेतलेला आकडा कामाचा नाही. पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड उघडा. चौथ्या-पाचव्या महिन्यात बीपी मुळात थोडं खालीच असतं, पटकन उठलं की गरगरतं ते त्यामुळेच. म्हणून या काळात १४०/९० दिसलं तर “चालून आलीस ना” म्हणून सोडून देऊ नका, थोड्या वेळाने पुन्हा मोजायला सांगा.

पोट तपासायला जाण्याआधी लघवीला जाऊन या. बारा आठवड्यांना गर्भाशयाचा वरचा काठ ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर लागतो, सोळाला ते हाड आणि बेंबी यांच्या साधारण मध्यावर. मूत्राशय भरलेलं असेल तर बोटांना काहीच नीट कळत नाही. बाळाचे ठोके हातातल्या डॉपलरवर (पोटावर टेकवून ठोके ऐकायचं छोटं यंत्र) ऐकू येतात, मिनिटाला ११० ते १६०. साध्या नळीने चौदाव्या आठवड्यात ऐकू येत नाहीत, तेव्हा “ठोके लागले नाहीत” एवढ्यावरून घाबरू नका, कशाने बघितलं ते आधी विचारा. हालचालीचंही तसंच. पहिलटकरणीला ती १८ ते २० आठवड्यांत जाणवते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. मळमळ ओसरलेली असते, भूक परत येते, कूस बदलताना जांघेत चमक येते. हे सगळं या दिवसांतलंच. रक्त किंवा पाणी जाणं, ताप, थांबून थांबून कळा येणं यांतलं काही असेल तर नऊ तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. १०२ नंबरची गाडी त्यासाठी मोफत आहे.

गोळ्यांची पिशवी हातात पडते, समजावून सांगणं मात्र गर्दीत एका वाक्यात आटोपतं. लाल गोळी लोहाची: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, रोज एक, किमान १८० दिवस. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत. या दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोह शोषू देत नाही, म्हणून मध्ये दोन तास हवेत. सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, रात्री झोपण्याआधी लिंबूपाण्यासोबत लोह, ही वाटणी बहुतेक घरांत जमते. चहाबरोबर लोहाची गोळी घेणं म्हणजे ती फुकट घालवणं. शौचाला काळी होते, ते न शोषलेलं लोह. त्याने बाळ काळं होत नाही, आणि गोळ्यांनी बाळ मोठं होऊन सिझर होतं हेही खरं नाही. बद्धकोष्ठ मात्र खरंच होतं; पाणी, पालेभाजी, पेरू वाढवा, गोळी सोडू नका.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर दिवसाला दोन लाल गोळ्या आणि महिन्याने परत मोजणी. महिनाभर नेमाने घेऊनही एक ग्रॅमसुद्धा वाढलं नाही तर मोठ्या रुग्णालयात पाठवायला हवं. तिथे शिरेतून लोह देता येतं. ७ च्या खाली असेल तर घरी गोळ्यांवर थांबण्यात अर्थ नाही. याशिवाय जंताची ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल एकदाच, तीही पहिले तीन महिने उलटल्यावर, आणि धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस: पहिला डोस लवकरात लवकर, दुसरा चार आठवड्यांनी. मागच्या तीन वर्षांत बाळंतपणात दोन्ही घेतले असतील तर एकच पुरतो.

या सेवेचा सगळ्यात कच्चा दुवा सोनोग्राफी. बाळातले व्यंग बघायची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांची, आणि नऊ तारीख महिन्यातून एकदाच. हिशोब घाला: या नऊ तारखेला १४ आठवडे असतील तर पुढच्या नऊ तारखेला साडेअठरा, म्हणजे बरोबर. आज १७ असतील तर पुढच्या वेळी २१ उलटलेले असतील. तेव्हा “पुढच्या महिन्यात या” हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका, मधली तारीख कार्डावर लिहून घ्या. हट्ट यासाठी की काही गंभीर निघालंच तर निर्णयाला वेळ हवा: २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताला २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे २४ पर्यंत ठरावीक गटातल्या बायकांसाठी दोघांचं लागतं आणि २४ नंतर गंभीर व्यंगासाठी प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. सोनोग्राफीला ओळखपत्र लागतं, गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचा फॉर्म ‘एफ’ भरला जातो. मुलगा की मुलगी हे विचारणंही गुन्हा आणि सांगणंही.

डाउन सिंड्रोमसाठीची (बाळाच्या गुणसूत्रांतला एक दोष) रक्ततपासणी या नेहमीच्या तपासण्यांत नसते. डबल मार्कर १४ आठवड्यांच्या आत करायची असते, म्हणजे चौथ्या महिन्यात पहिल्यांदा येणारीची ती बहुधा हुकलेलीच. उरते ती क्वाड्रपल, १५ ते २० आठवड्यांत, बाहेरच्या लॅबमध्ये पैसे भरून. वय ३५ च्या पुढे असेल तर डॉक्टरांना हे आपणहून विचारा.

या योजनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट मात्र दिसायला अगदी साधी आहे: कार्डावरचा गोल स्टिकर. हिरवा म्हणजे धोका नाही, लाल म्हणजे जोखमीचं गरोदरपण. रात्री दोन वाजता अनोळखी दवाखान्यात गेलात तरी ड्युटीवरच्या माणसाला फाइल न उलटता कळतं. स्टिकर न लावताच कार्ड परत दिलं असेल तर तिथल्या तिथे मागा, आणि लाल असेल तर कशासाठी ते शेजारी लिहून घ्या: रक्त कमी, आधीचं सिझर, बीपी, जे असेल ते. नुसता लाल ठिपका घेऊन घरी आलेल्या बाईला घरचे घाबरवतात तेवढं.

जाता जाता पैशाचं. पात्र असाल तर पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. त्यातला ३,००० चा पहिला हप्ता मिळायला नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांत निदान एक तपासणी झालेली असावी लागते. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. तपासणीची तारीख कार्डावर खाडाखोड न करता, सहीसकट आहे ना, हे खिडकीपासून हलण्याआधी बघा. नंतर आशाताईंना त्याच कार्डासाठी पुन्हा दवाखान्याच्या फेऱ्या माराव्या लागतात.