संत्र्याच्या कलमा घेताय? पैसे देण्याआधी पिशवी फाडून मुळं बघा

76,950 रुपये गेले. 550 कलमांचे 60 रुपयांप्रमाणे 33,000, टेम्पोचे 3,800, खड्ड्यांचे 16,500, शेणखत-सुपर फॉस्फेट-ट्रायकोडर्माचे 14,200 आणि नंतर ड्रेंचिंगच्या, म्हणजे मुळांशी ओतायच्या औषधांचे 9,450. पैसे गेले ते गेले, पाच एकर वावरात डिंक्या, म्हणजे मुळं सडवून बुंध्यातून डिंक काढणारा बुरशीचा रोग, घुसला. पैसा पुन्हा कमावता येईल, पण ती माती आता कशी धुऊन काढू?

विकणारा पन्हेरीवाला (रोपवाटिकेचा मालक) नव्हता, दलाल होता. आपल्याकडे जून लागला की हे लोक गावोगाव फिरतात, तुम्हाला माहीतच आहे. "भाऊ, काही टेन्शन घेऊ नका, रंगपूर खुंटावरच्या आहेत, पिशवीत वाढवलेल्या, व्हायरसमुक्त." खुंट म्हणजे ज्यावर संत्र्याचा डोळा (फांदीवरची कळी) बांधून कलम करतात ते खालचं रोप, रंगपूर ही त्याची जात. परवान्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात नंबर दिसत होता, शिक्का दिसत होता, मालकाचं नाव मात्र कडेला कापलं गेलं होतं. फोटो नीट आला नसेल असं मला वाटलं, आणि कुणालाही तेच वाटलं असतं. आपण मोबाईलवर बिलाचे फोटो तसेच काढतो. 20,000 आगाऊ दिले होते, उरलेले 13,000 टेम्पोवाल्याच्या हातात रोख.

त्या सकाळचं राहून राहून डोक्यात येतं. टेम्पो रिकामा करताना एक पिशवी फाटली आणि माती भसकन खाली सांडली. जी कलम वर्षभर पिशवीत वाढते तिची मुळं मातीला घट्ट धरून असतात, पिशवी काढली तरी गोळा मोडत नाही. इथे हातात फक्त काडी राहिली. सोटमूळ कुदळीने तोडलेलं, तंतुमुळं नावालाच, त्यातली बरीच तपकिरी. आमच्या गड्याने एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सुटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी राहिली. तो म्हणाला, "भाऊ, हे वाफ्यातून उपटून पिशवीत कोंबेल दिसते." डोळाही जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर बांधलेला. चांगल्या पन्हेरीत तो वीत-सव्वा वीत वर, म्हणजे 20 ते 25 सेंटीमीटरवर बांधतात, म्हणजे ओल्या मातीचा आणि सांध्याचा संबंध येत नाही.

तरी उतरवून घेतल्या. खड्डे भरून तयार, पाऊस लागलेला, मजूर धुऱ्यावर बसलेले, टेम्पोवाल्याला परत जायची घाई. अशा वेळी 550 कलमा परत पाठवणारा शेतकरी मला दाखवा! आणि जो माणूस 'प्रमाणित' म्हणून विकतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कलमा आणायच्या कुठून?

पावसाळा सरता सरता पानं पिवळी पडायला लागली. मग शेंडे वाळले, बुंध्याशी डिंक आला. मेटालॅक्सिल या बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग केलं, बोर्डो पेस्ट लावली. उन्हाळ्यापर्यंत 312 कलमा मेल्या, उरलेल्या नुसत्या उभ्या आहेत. मुळं आणि माती तपासून घेतली, अहवालात फायटोप्थोरा, म्हणजे डिंक्याचीच बुरशी. हे सगळं ज्या वावरात झालं तिथे कधीच संत्रा नव्हता, कपाशी-तूर होती. रोग आला तो त्या पिशव्यांतल्या मातीतून आणि सडक्या मुळांतून. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते आणि वाहत्या पाण्याबरोबर सरकते. माझ्या वावराचं पाणी उतरतं चुलतकाकांच्या बगीच्यात. त्यांची झाडं 15 वर्षांची, आंबिया बहाराने लदलेली. काका तोंडाने काही म्हणत नाहीत, पण आता धुऱ्यावर माझ्याशी बोलायला थांबतही नाहीत.

आता कार्यालयांचं ऐका. कायदा 1969 पासून आहे. फळझाडांची पन्हेरी चालवायला आणि कलमा विकायला परवाना लागतो, खुंट कुठला आणि डोळा कुठल्या झाडाचा याची नोंद ठेवावी लागते. मी अर्ज दिला तर पहिलं उत्तर, "हे बियाणं नाही, बियाण्याच्या तक्रार समितीत बसत नाही." नंतर कळलं की बिलावरचा परवाना नंबर दुसऱ्याच माणसाचा आहे. त्यावर म्हणे तो परवाना आमच्या हद्दीतला नाही, तिकडे जा. तिकडे गेलो तर विक्री तुमच्या तालुक्यात झाली, तिथेच तक्रार करा. पंचनाम्याला माणूस आला तोवर मेलेली झाडं वाळून काड्या झाल्या होत्या. वर मलाच ऐकवलं की भारी जमीन आहे, पाणी साचलं असेल. साहेब, मी चर काढले होते, कलमा उंचवट्यावर लावल्या होत्या, चर समोर दिसत असताना कागदावर 'पाणी साचल्याने' कसं लिहिता? पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी मामला. फळबाग योजनेच्या अनुदानाला परवानाधारक रोपवाटिकेचं बिल लागतं आणि झाडं जगल्याची अट असते, म्हणजे तेही गेलं. माझ्याकडून प्रत्येक कागद मागितला, दलालाला मात्र एका अक्षराने कुणी विचारलं नाही.

2024 मध्ये केंद्राने रोगमुक्त कलमांसाठी 1,765.67 कोटींचा क्लीन प्लांट कार्यक्रम मंजूर केला, त्यात नागपूरला संत्र्यासाठी केंद्र ठरलं आहे. हवंच ते. पण जूनमध्ये फाट्यावर उभ्या राहणाऱ्या टेम्पोतल्या कलमा कोण तपासणार? एक अधिकारी, एक बादली पाणी, दहा कलमा धुऊन बघायच्या, एवढंच काम आहे!

परवान्याचा फोटो घेऊ नका, पन्हेरीत जाऊन भिंतीवरचा परवाना आणि मालकाचं नाव जुळवा. रोख देऊ नका. ग्रीनिंग, ट्रिस्टेझा हे रोग डोळ्यातून येतात आणि वरून ओळखू येत नाहीत, म्हणून मातृवृक्ष (ज्याचा डोळा घेतला ते झाड) कुठला आणि तपासला कधी हे लेखी मागा. खड्डे खणण्याआधी कलमा बघून ठेवा, नंतर तुमचा हात दगडाखाली असतो. आलेल्या मालातल्या पाच-दहा कलमा पिशवीसकट बाजूला ठेवा, पंचनाम्याला त्याच उपयोगी पडतात. माझ्याकडे त्या नाहीत.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. शेतकरी हा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात मान्य केलं आहे, त्यामुळे "तुम्ही व्यापारी कारणासाठी घेतलं" असं कुणी सांगितलं तर मागे फिरू नका. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड भागात ज्यांनी गेल्या पावसाळ्यात साध्या कागदावरच्या बिलाने अशा कलमा घेतल्या त्यांनी बिल, टेम्पोचा नंबर आणि फोनवरचं बोलणं पुसू नका. एकाच परवाना नंबरची तीन-चार बिलं आयोगापुढे आली तर "एकट्याची तक्रार आहे" म्हणून कुणाला टाळता येणार नाही.