टेपवरचे दोन इंच

गाडी कुठली ते आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय ते इथेच हसून घेतील. टाटा इंडिगो मरिना, डिझेल, २००६ची. मरिना म्हणजे इंडिगोचीच स्टेशन वॅगन. २००४ साली आली तेव्हा आमच्या नात्यातल्या एका काकांनी 'मागून शववाहिका दिसते' असा शेरा मारला होता. मला मात्र तिची डिकी आवडली, आणि अजूनही तेवढ्यासाठीच ती ठेवली आहे. मागची सीट पाडली की इंद्रायणी तांदळाची पाच पोती आडवी बसतात, वर फावडं-कुदळ मावतं. सोमवार ते शनिवार कोथरूड ते पिरंगुट, रविवारी वेल्ह्याकडे आमच्या रानात.

पाबे घाट उतरून पलीकडे गेलं की डांबर संपतं. शेवटचे दीड-दोन किलोमीटर मुरूम, एक ओढा, आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या. त्रास त्या चाकोऱ्यांचाच. चाकं चाकोरीत आणि मधला उंचवटा थेट इंजिनच्या चेंबरला, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीला. दर पावसाळ्यात पोटाखालून खर्रर्र असा आवाज यायचा आणि माझ्या पोटात गोळा. फोर बाय फोर वगैरे काही नको होतं. पोट जरा उचललं जावं, खाली एक दणकट पत्रा असावा आणि टायरने चिखलात पकड धरावी, एवढंच मागणं होतं.

मे २०२५मध्ये एका ओळखीच्याने एक गॅरेज सांगितलं. नाव देत नाही. बाहेर दोन उंच जीप उभ्या, भिंतीवर डोंगरात चढणाऱ्या गाड्यांचे फोटो. मालक तिशीचा, बोलायला लाघवी. मरिना पाहून हसला नाही, इथेच मी निम्मा गार झालो. "सर, थार घ्यायची गरजच काय? हिलाच दोन इंच उचलून देतो. चारही शॉकअप लांब दांड्याचे, स्प्रिंग जाड तारेचे, टायर ऑल टेरेन, खाली तीन एमएमचा चेंबर गार्ड. आरटीओचं टेन्शन घेऊ नका, आपला माणूस आहे, आरसीवर चढवून देतो."

हिशेब असा झाला: शॉकअप आणि स्प्रिंग २८,०००, चार टायर २२,०००, गार्ड ६,०००, आरटीओचे ४,०००, मजुरी ५,०००. एकूण ६५,०००. पैकी ४०,००० आधी. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल केलं तर जीएसटी वर पडेल, बघा तुम्हीच. मी बघितलं आणि कच्च्या कागदावर समाधान मानलं. हा कागद म्हणजे टायर कंपनीच्या जाहिरातीच्या पॅडचं पान, त्यावर 'मरिना लिफ्ट – ६५' एवढंच लिहिलेलं. पैसे यूपीआयने गेले, निम्मे त्याच्या नंबरवर, निम्मे 'मेव्हण्याच्या' नंबरवर.

गाडी सोडताना त्याने माझ्यासमोर माप घेतलं. जमिनीपासून चाकावरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत, टेपचं खालचं टोक त्याने माझ्याच हातात दिलं. ६५५ मिलिमीटर. मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला. आठ दिवसांनी गाडी न्यायला गेलो तेव्हा ती जॅकवर होती. "सर, बरोबर वेळेवर आलात." माझ्यादेखत गाडी खाली उतरवली आणि लगेच टेप लावला. ७०५. बरोब्बर दोन इंच. गाडी खरोखरच टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसत होती. उरलेले २५,००० मी तिथल्या तिथे पाठवले आणि वर पोरांना चहाला दोनशे दिले.

आता हा दोन इंचांचा खेळ नीट सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं होतं. गाडी जॅकवर घेतली की चाकं खाली लोंबतात आणि लोंबताना किंचित आतल्या बाजूला येतात. गाडी पुन्हा खाली सोडली की टायर जमिनीला घट्ट धरून बसतो, बाहेर सरकत नाही. त्यामुळे वरचं धूड पूर्ण बसत नाही, अधांतरी राहतं. गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे केली की ते बसतं. पंक्चर काढताना हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं, मीही पाहिलं होतं. पण त्या दिवशी टेपवरचा आकडा दिसत होता आणि डोकं बंद होतं. शिवाय टायरमध्ये हवा ४५ पीएसआय ठोकली होती. ती नंतर पंपावर कळली, आणि हवा भरणारा पोरगा म्हणाला, "काका, ट्रक आहे का?"

संध्याकाळी सोसायटीच्या गेटवरच्या गतिरोधकावर तोच जुना आवाज. खर्रर्र. अरेच्चा! घरातली टेप काढली, पार्किंगमध्ये वाकलो. ६७१. म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर. फोन केला तर त्याच्याकडे उत्तर तयार: "स्प्रिंग नवीन आहेत सर, सेट होतायत. हजार किलोमीटर जाऊ द्या, मग परत उचलतील." स्प्रिंग बसते, पण बसलेली स्प्रिंग आपण होऊन कधी उठत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी हजार किलोमीटर गाडी चालवली. त्याला नेमकी तेवढीच मुदत हवी होती.

ते १६ मिलिमीटर कुठून आले, हे एका रात्री कागदावर मांडलं. मूळ टायर १७५/६५ आर १४, म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर, जाडी तिच्या ६५ टक्के. रिम १४ इंच म्हणजे ३५५.६, वर-खाली टायरची जाडी मिळून २२७.५, एकूण ५८३ मिलिमीटर व्यास. त्याने घातलेले १८५/७० आर १४, म्हणजे साधारण ६१५. फरक ३२चा, आणि गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी. सोळा. म्हणजे गाडी उचलली होती ती फक्त टायरने. २८,००० रुपयांच्या शॉकअप-स्प्रिंगचं योगदान शून्य. वर स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवायला लागला आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायला लागला, ते वेगळंच.

यातून मला एक माप कळलं, ते कुठल्याही उचललेल्या गाडीला लावून बघा. जमिनीपासून मोजूच नका. चाकाच्या मध्यापासून, म्हणजे हबच्या मधोमध, सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. यात टायर आणि हवा दोन्ही येत नाहीत, फक्त सस्पेन्शन, म्हणजे शॉकअप-स्प्रिंग, येतं. आणि मोजायचं ते एक चक्कर मारून आल्यावर, सपाट जागेवर. कामाला देण्याआधी चारही चाकांची ही मापं मी घेऊन ठेवली असती तर त्याच दिवशी त्याच्या तोंडावर टेप धरता आली असती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रानात गेलो. ओढ्याच्या अलीकडच्या चाकोरीत धप्पकन काहीतरी खाली आलं आणि गाडीबरोबर फरफटायला लागलं. उतरून पाहतो तर तीन एमएमचा गार्ड एका बाजूने लोंबत होता, कागदी द्रोण दुमडावा तसा दुमडलेला. पत्र्याच्या स्क्रूंनी, हो, घरातल्या पत्र्याला मारतात तसल्या आपोआप आटे पाडणाऱ्या स्क्रूंनी, बंपरखालच्या पातळ पट्टीवर ठोकला होता. चार स्क्रूंपैकी तीन उपटले गेले होते. नंतर व्हर्नियर लावला, जाडी १.२ मिलिमीटर. ऑइल काढायचा नट झाकला गेलेला, त्याला भोकही ठेवलं नव्हतं. भर पावसात मी छत्री बगलेत धरून गार्ड सुतळीने बांधला आणि पहिल्या गिअरमध्ये घाट चढलो. बायको शेजारी बसून एक अक्षर बोलली नाही. ते जास्त लागलं.

आता गोणीची गोष्ट. मी स्वतःला हुशार समजतो, म्हणून काम देतानाच बजावलं होतं की जुने पार्ट मला परत हवेत. त्याने दिलेही. गाडीबरोबर एका गोणीत चार जुने, तेल गळणारे शॉकअप. ते पाहून माझा उरलासुरला संशय गेला होता. नाना पेठेत स्पेअर पार्टचं एक जुनं दुकान आहे, तिथे ती गोणी घेऊन गेलो. गल्ल्यावरच्या सत्तरीच्या काकांनी चष्मा न लावता एक शॉकअप उचलला आणि परत टाकला.

"हे तुमच्या गाडीचे नाहीत."

"काका, नीट बघा ना."

"नीट काय बघायचंय? पुढच्या शॉकअपला स्प्रिंगची बशी कुठंय?"

बशी म्हणजे स्प्रिंग ज्यावर टेकते ती गोल वाटी. मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात बसवलेली रचना, असला की ती शॉकअपच्या नळीलाच वेल्ड केलेली असते. गोणीतल्या चारांपैकी एकालाही ती नव्हती. चारही कुठल्याशा छोट्या गाडीचे मागचे, भंगारातून उचललेले. मग काकांनी पोऱ्याला टॉर्च घेऊन माझ्या गाडीखाली घातलं. पुढचा शॉकअप काळाभोर, तुकतुकीत. पोऱ्याने नखाने खरवडलं तशी रंगाची साल निघाली, खाली गंज आणि गंजाखाली कंपनीचा मूळ छाप. माझेच जुने शॉकअप, जागेवरून न हलवता रंगवलेले. नटांवरसुद्धा रंग होता. उघडलेल्या नटाचे कोने घासले जातात, हे नट अखंड रंगाखाली झोपले होते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबराचे बफर कोंबलेले, म्हणून गाडी कडक लागत होती आणि मला वाटत होतं स्प्रिंग जाड आहेत.

"पैसे किती दिले?" काकांनी विचारलं. मी आकडा निम्मा करून सांगितला. लाज वाटते हो.

टायरचं उरलंच होतं. टायरच्या बाजूवर एक चार आकडी मोहर असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. बऱ्याच टायरवर ती एकाच बाजूला असते. माझ्या चारही टायरवर बाहेरून ती दिसत नव्हती, कारण ती बाजू आत फिरवून बसवली होती. टायरवाल्याने चाक काढून दाखवलं: ३११४. म्हणजे २०१४चा एकतिसावा आठवडा, अकरा वर्षांचा टायर. आणि ऑल टेरेनची ती खोल नक्षी? झिजलेल्या साध्या टायरवर गरम पातीने हाताने कापलेली. दोन घळींच्या तळाशी धागा दिसायला लागला होता. याच टायरवर मी हायवेला नव्वदने गेलो होतो, मुलं मागे बसलेली असताना. बाकीचं सगळं पैशांचं होतं, या एका गोष्टीचा राग अजून जात नाही.

आरटीओच्या ४,०००चं तर काहीच झालं नाही, कारण होण्यासारखं काही नव्हतंच. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२ए कलमात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. मालकाला, अर्थात मला. म्हणजे त्याने खरंच दोन इंच उचलली असती तर मी वेगळ्या प्रकारे अडकलो असतो. गाडीची पंधरा वर्षं २०२१मध्ये भरली, पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी करून घेतली आहे, आणि २०२६मध्ये फिटनेसला गाडी पुन्हा उभी करायची. 'आपला माणूस आहे' हे वाक्य ऐकून मी मान डोलावली, त्यात फसवणूक त्याची एकट्याची नव्हती.

गाडीचं पुढे काय केलं, तर नाना पेठेतल्याच काकांकडून कंपनीच्या मापाचे नवीन शॉकअप आणि नवीन स्प्रिंग घेतल्या, मूळ मापाचे नवीन टायर टाकले. एकोणीस वर्षं पोती वाहून मागच्या स्प्रिंग पार बसल्या होत्या. नव्या टाकल्यावर हबपासून मडगार्डपर्यंत मागे २२ मिलिमीटर वाढले, पुढे ११. कुठलाही जुगाड न करता, कायद्यात बसून. वेल्डिंगवाल्याकडून खऱ्या तीन एमएमच्या पत्र्याचा गार्ड करून घेतला, सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिनखालच्या सांगाड्याच्या, मूळ बोल्टांवर, ऑइलच्या नटाला भोक ठेवून. चाकोरीत अजून कधीतरी खर्रर्र होतं, पण आता पत्र्याचं होतं.

पैशांचं विचाराल तर त्याने तीन हप्त्यांत १२,००० परत दिले, मग फोन उचलणं बंद केलं. चौकीत सांगितलं की हा ग्राहक आयोगाचा विषय आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली, मग जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि बिल नाकारणं हीसुद्धा २०१९च्या कायद्यात अनुचित प्रथा धरली आहे, तेव्हा कच्चा कागद आहे म्हणून घरी बसू नका. कागद जमवताना त्याने कामाच्या वेळी पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप फोटो पुन्हा पाहिले. 'सर तुमचा मागचा शॉकअप बसला' असं खाली लिहिलेला एक फोटो, नवाकोरा शॉकअप, त्यामागे चकचकीत डिस्क ब्रेक. माझ्या गाडीला मागे ड्रम आहेत. फोटोला मी तेव्हा अंगठा दाखवला होता, तोही त्याच्या खाली दिसतो.

गोणी अजून जिन्याखाली आहे. भंगारवाल्याने तिचे एकशे वीस रुपये सांगितले, पण पुढची तारीख होईपर्यंत ती हलवायची नाही असं वकीलबाई म्हणाल्या.