डेरिंजर ठेवायची की .३२? लायसनवर दोनच जागा असणाऱ्यांसाठी

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका लायसनवरची हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारसाने आलेलं हत्यारही त्या दोनातच मोजायचं ठरलं. पूर्व विदर्भातल्या जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) वाड्यांत हा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. एक जागा बाराबोर बंदुकीने अडवलेली असते, ती कोणी सोडत नाही. मग उरलेल्या जागेवर आजोबांची डेरिंजर, म्हणजे खिशात मावणारं एक-दोन नळ्यांचं छोटं पिस्तूल, राहू द्यायची, की ती काढून कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर घ्यायचं? नव्याने लायसन काढणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडतच नाही. खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद असल्याने इथे जी डेरिंजर फिरते ती जुनीच. देशी कट्ट्याची चर्चा इथे करत नाही. डेरिंजरचे सगळे दोष त्यात आहेत, वर नळी फाटण्याची भीती आणि जेल.

आधी नळीवरचा शिक्का, म्हणजे ती कोणत्या काडतुसाची ते वाचा, निम्मे वाद तिथेच मिटतात. रेमिंग्टनची वर-खाली दोन नळ्यांची डेरिंजर १८६६ ते १९३५ अशी बनत होती आणि ती .४१ रिमफायरची (घोडा काडतुसाच्या काठावर पडतो ती जात). हे काडतूस आपल्याकडच्या डीलरकडे मिळत नाही. मिळालं असतं तरी १३० ग्रेनची (साधारण साडेआठ ग्रॅमची) ती गोळी सेकंदाला जेमतेम १३० मीटरने जाते. शिक्का ९ एमएम किंवा .४५५ चा असेल तर ते प्रतिबंधित बोअर (साध्या लायसनवर न चालणारं) झालं आणि तो कागद जिल्हाधिकारी कार्यालयात सुटत नाही. म्हणजे खरी तुलना उरते ती .२२ किंवा .३२ च्या डेरिंजरशी.

डेरिंजरच्या बाजूने बोलायचं तर वजन. तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं हत्यार उन्हाळ्यात पातळ सदऱ्याखालीही कळत नाही. कानपूरचं जुनं .३२ सातशे ग्रॅमच्या घरात जातं आणि मोटारसायकलवर पांदणीच्या खड्ड्यांतून जाताना कंबरेला जाणवतं. हा फरक खोटा नाही. पण २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हॅन्डगन होल्स्टरमध्ये, झाकलेली आणि ताब्यात हवी. डेरिंजर नुसती खिशात टाकून चुकारा आणायला जिनिंगवर गेलात, तर जिच्यासाठी ती घेतली तीच सोय नियमात बसत नाही. आणि होल्स्टर लावायचंच असेल तर वीतभर हत्यार काय आणि अर्धी वीत काय.

आता ती गोष्ट, जिच्यापायी माझा कल .३२ कडे ठरला: घोडा (मागून काडतुसावर आपटतो तो) आणि चाप (बोटाने ओढतो तो).

जुन्या डेरिंजरला प्रत्येक बारासाठी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. घोड्याचं टोक हरभऱ्याएवढं, स्प्रिंग मात्र कडक. हात कोरडा असेल तर जमतं. मे महिन्यात घामाने ओला झालेला किंवा शेतातल्या रात्रीच्या जागलीवर दवाने गारठलेला अंगठा त्यावरून घसरतो, आणि अर्धा ओढलेला घोडा सुटला तर पुढे काय होईल ते नशिबावर. घोडा चढला की चापाची पाळी. त्याला गार्ड नसतो. चापाची खीळ इतकी खाली आणि पुढे असते की तो सरळ मागे ओढून सुटतच नाही, मागे आणि खाली असा दाबावा लागतो. खाली दाबलं की नळीचं तोंडही खाली जातं. रेंजवर रिव्हॉल्व्हर बऱ्यापैकी चालवणाऱ्या माणसाच्या हातात डेरिंजर दिली, तर पहिला बार हमखास कागदाच्या खालच्या कडेला किंवा जमिनीत जातो. हे मी कशाने मोजलेलं नाही, पण अपवाद फार कमी दिसले. सरावाने सुधारतं हे कबूल. तो सराव करायला काडतुसं लागतात आणि लायसनवर एका वेळी किती, वर्षाला किती, ते लिहिलेलं असतं.

बरं, घोडा आधीच चढवून ठेवू म्हणावं, तर ते त्याहून वाईट. आणि घोडा खाली टेकवून भरलेली डेरिंजर जवळ ठेवली तर घोड्याची पिन थेट काडतुसावर बसते. दगडावर पडली की बार निघू शकतो. म्हणून अर्ध्या घोड्यावर, म्हणजे घोडा निम्मा ओढून खाचेत अडकवून, ठेवायची रीत आहे, पण सत्तर-ऐंशी वर्षांच्या हत्यारात अर्ध्या घोड्याची खाच झिजलेली असते. तपासायचं असेल तर असं: दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहा, घोडा अर्ध्यावर लावा, तोंड सुरक्षित दिशेला धरून घोड्याच्या पाठीवर अंगठ्याने बेताचा दाब द्या आणि चापही हलकेच दाबून पाहा. जरा जरी सरकला तर त्या हत्यारात काडतूस घालू नका. मग बिजागरी पाहा. रेमिंग्टनच्या घडणीत उजव्या बाजूचा छोटा खटका फिरवला की नळ्या वर उचलल्या जातात आणि सगळा भार मागच्या टोकाच्या दोन पातळ कानांवर येतो. ते कान तडकणं हा या हत्याराचा प्रसिद्ध रोग. भिंगाखाली केसासारखी रेघ दिसली तरी खेळ संपला. वेल्डिंग करून देणारे मिस्त्री भेटतील, त्यांच्या नादी लागू नये.

दोन नळ्या एका जागी मारत नाहीत, हेही धरून चला. पाच-सहा पावलांवर दोन्हींचे ठसे वीतभर लांब पडलेली डेरिंजर दुर्मीळ नाही. खोलीच्या रुंदीएवढ्या अंतरावर हे चालून जातं, खळ्याच्या दुसऱ्या टोकावर नाही.

.२२ ची अडचण आणखी वेगळी. रिमफायर काडतुसात बारूद पेटवणारा मसाला काठात भरलेला असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नसेल किंवा जुनं काडतूस ओलीत राहिलं असेल तर घोडा पडतो आणि नुसता टक्क आवाज येतो. रिव्हॉल्व्हरमध्ये असं झालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं घर (काडतुसाचा कप्पा) येतं. डेरिंजरमध्ये असं झालं की तुमचा निम्मा साठा गेला, आणि उरलेल्या निम्म्यासाठी तो निसरडा घोडा पुन्हा चढवायचा. शिवाय दोन-अडीच इंची नळीत .२२ चा वेग रायफलीच्या मानाने बराच पडतो.

आता .३२ चं. कौतुक फार करू नये, कारण काडतूस मुळात नरम आहे. .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँगची ९८ ग्रेनची शिशाची गोळी, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास. कानपूरच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न चढवता ओढायला जड जातो, इतका की नवखा माणूस दोन बोटं लावायला बघतो. पण तो सरळ मागे येतो. सहा घरं आहेत. नळी बिजागरीवर मोडून उघडली की रिकामी टरफलं चांदणीने (चक्रामागच्या चांदणीच्या आकाराच्या तुकड्याने) आपोआप वर उचलली जातात. डेरिंजरमधली फुगलेली टरफलं बऱ्याचदा नखाने किंवा काडीने उकरत बसावी लागतात. सातशे ग्रॅम जड वाटत असेल तर २०१४ मध्ये आलेलं कानपूरचंच .३२ रिव्हॉल्व्हर निर्भीक पाचशे ग्रॅमच्या आसपास आहे. किमतीचं मात्र आधी विचारून घ्या, ती ऐकून पुष्कळ जण जुन्याकडेच वळतात. .२२ चं निडर रिव्हॉल्व्हर त्याहूनही हलकं आणि आठ घरांचं. बोटांत जोर कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी त्याचा विचार होऊ शकतो. रिमफायरची वरची तक्रार त्यालाही लागू आहे, फक्त तिथे पुढचं घर हजर असतं. (विदर्भात अंबाझरी, भद्रावती, जवाहरनगर अशा आयुध निर्माण्या असून खिशातलं हत्यार कानपूरहून आणावं लागतं, ही एक गंमतच.)

जागलीसाठी विचारत असाल तर यातलं काहीच नको. रानडुक्कर आणि अस्वलापुढे डेरिंजर काय नि .३२ काय, दोन्ही सारखीच निरुपयोगी. जखमी जनावर अंगावर येण्याची सोय तेवढी होते. तिथे बाराबोर, तीही शेवटचा उपाय म्हणून. आधी बॅटरी, डबा वाजवणं आणि सोबतीला माणूस. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये जीव वाचवण्यासाठी नेकीने केलेली कृती गुन्हा नाही, पण पिकात शिरलेलं डुक्कर म्हणजे जिवावर बेतलेलं संकट नव्हे, त्याला वन खात्याची परवानगी लागते. माणसाच्या बाबतीतही तेच. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये बचावाचा हक्क आहे. दरोडा, रात्रीची घरफोडी, आग लावणं हे त्यात फार वरचं. विहिरीवरून मोटारपंपाची केबल कापून पळणारा त्यात बसत नाही, कितीही राग आला तरी.

देखभालीत दोघांचाही शत्रू एकच, आपला घाम आणि कापसाचा भुस्सा. डेरिंजर अंगाला चिकटून राहते म्हणून तिला गंज लवकर धरतो आणि भुस्सा बिजागरीत व घोड्याच्या खाचेत जाऊन बसतो. तेलाचा हात फिरवल्यावर कोरड्या चिंधीने पुसून घ्या. जादा तेल काडतुसात मुरलं की ते पेटत नाही. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं महिनोन्‌महिने ठेवू नका, पितळेवर हिरवट थर चढतो आणि ते घरात अडकतं. निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा असतं. परत आलं की भरण्याआधी नळीतून चिंधी ओढून पाहावी, पावसाळ्यातून गेलं असेल तर हमखास तांबूस निघते.

ज्यांच्या घरी .३२ चीच डेरिंजर आहे, बिजागरी शाबूत आहे, अर्धा घोडा धरतो आणि माणूस वर्षातून चार-दोनदा रेंजवर जातो, त्यांनी ती ठेवली तर मी मोडता घालणार नाही. बाकीच्यांनी ती लायसनधारक भावाच्या किंवा भाच्याच्या नावावर करावी, नाहीतर डीलरला विकावी. वारस लायसनसाठी मूळ धारकाच्या मृत्यूची वाट पाहायची गरज नाही. धारकाने वयाची सत्तरी गाठली असेल किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असेल तरी अर्ज करता येतो.

आणि त्या जागेवर जुनं .३२ घेणार असाल तर डीलरच्या टेबलावर चार गोष्टी बघा. आधी रिकामं आहे हे पाहा. नळी मिटवून खटका लागल्यावर नळी आणि मूठ दोन हातांत धरून हलवा. बिजागरीत कटकट जाणवली तर परत द्या. घोडा चढवून चक्र बोटाने फिरवायचा प्रयत्न करा, किंचित हललं तर चालेल, खडखडलं तर नाही. सहाही घरांवर चाप ओढून पाहा. एखाद्या घरावर चक्र पूर्ण न फिरता घोडा पडत असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेवटी घोड्याच्या पिनचं टोक पाहा. गोल हवं. चपटं किंवा टवका उडालेलं असेल तर पिन बदलून मगच पैसे मोजा.