काटा खाली आल्यावर: आधी गेजची पडताळणी की रिलीफ व्हॉल्व्हची जुळणी?

हलक्या विमानाच्या पिस्टन इंजिनात तेलाचा दाब नेहमीपेक्षा कमी दिसू लागला, की हँगरमध्ये दोन सल्ले मिळतात: आधी गेज (दाब दाखवणारे मापक) आणि सेंडर (दाब मोजून गेजला संकेत पाठवणारा भाग) तपासा, किंवा थेट रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाबाचे तेल परत सोडणारी झडप, उघडा. हा पर्याय जमिनीवरचा आहे. हवेत असताना दाखवलेला कमी दाब खराच मानावा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरावे.

दाब 'कमी' आहे की नाही, हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेवरून ठरते. कॉन्टिनेन्टल ओ-२०० साठी ३० ते ६० पीएसआय (दाबाचे एकक, पौंड प्रति चौरस इंच) सामान्य मानले जातात, त्यामुळे तिथे ३५ चा आकडा निर्धोक असतो. लायकमिंग ओ-३६० मध्ये मात्र उड्डाणाच्या वेगाला तोच आकडा गंभीर ठरतो, कारण तिथे २५ ही केवळ आयडलची, म्हणजे इंजिन सर्वांत मंद वेगाने फिरत असतानाची, किमान मर्यादा आहे.

पडताळणीच्या मार्गात अचूकता तपासलेले यांत्रिक गेज तात्पुरते जोडून, तेल पूर्ण तापल्यावर, आयडलला आणि नंतर साधारण २००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) दोन्ही वाचने ताडून पाहतात. यात इंजिनाची कोणतीही जुळणी बदलत नाही, हा मोठा फायदा. विद्युत सेंडर असेल तर लँडिंग लाइट लावताच काटा हलतो का, हेही पाहावे. हलत असल्यास दोष तेलात नसून बहुधा अर्थिंगमध्ये असतो, आणि ज्या सेंडरचे अर्थिंग त्याच्या धातूच्या अंगातून होते, त्याच्या आट्यांवर गुंडाळलेली सीलिंग टेपसुद्धा ते बिघडवू शकते. मर्यादा एवढीच, की दाबाच्या नळीच्या तोंडाशी असलेले बारीक छिद्र कचऱ्याने बुजले असेल आणि चाचणीचे गेज त्याच्या पुढे जोडले असेल, तर दोन्ही गेजे एकाच सुरात चुकतील.

रिलीफ व्हॉल्व्हचा मार्ग आकर्षक वाटतो, कारण स्क्रू आवळला की अनेकदा आकडा लगेच चढतो. नेमकी इथेच फसगत होते. हा व्हॉल्व्ह दाब निर्माण करत नाही. ठरलेल्या दाबापेक्षा जास्त झालेले तेल तो परत सोडतो. गरम इंजिनाच्या आयडलला दाब त्या पातळीखाली असेल, तर व्हॉल्व्ह बंदच असतो आणि स्प्रिंग कितीही आवळली तरी फरक पडत नाही. म्हणून दाब उड्डाणाच्या वेगाला ठीक आणि फक्त गरम आयडलला कमी असेल, तर जुळणीला दोष देऊ नये. पातळ झालेले तेल, बेअरिंगची झीज किंवा व्हॉल्व्हचा बॉल आणि त्याच्या बैठकीमध्ये अडकलेला कार्बनचा कण यांचा शोध घ्यावा. शेवटच्या शक्यतेसाठी व्हॉल्व्ह उघडणे रास्त आहे, पण ते स्वच्छतेसाठी, आवळण्यासाठी नव्हे. झिजलेल्या बेअरिंगवर स्क्रू आवळून आकडा सुधारला, तर आजार तसाच राहतो आणि त्याची खूण तेवढी पुसली जाते.

त्यामुळे बहुतेक प्रसंगी माझा कौल पडताळणीच्या बाजूने आहे. अपवाद दोन. दाब एकाएकी पडला आणि तेलाचे तापमानही चढत असेल, तर चाचणीसाठी इंजिन पुन्हा चालवू नये. आधी तेलाची पातळी आणि गळती पाहावी, मग व्हॉल्व्हची बैठक. आणि तेलाचा फिल्टर कापून पाहिल्यावर त्याच्या घड्यांत धातूचे कण चमकले, तर हे दोन्ही मार्ग बाजूला ठेवून, ते कण कशाचे आहेत हे ठरेपर्यंत विमान जमिनीवरच ठेवावे.