मेन्स्ट्रुपीडिया कॉमिक (मराठी आवृत्ती): सातवीतल्या मुलींच्या हातात पडायलाच हवं

मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या पाठ्यपुस्तकात ऋतुचक्र येतं ते थेट दहावीला, विज्ञान भाग 2 मध्ये. मुलींना पाळी येते सहावी-सातवीत, एखादीला पाचवीतच. मधल्या काळात पोरींना कळतं ते मैत्रिणींच्या कुजबुजीतून, नाहीतर टीव्हीवरच्या जाहिरातीतून. म्हणून पाळीची माहिती चित्रगोष्टीतून देणारं हे पुस्तक मला फार मोलाचं वाटतं.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या अदिती गुप्ता आणि तुहिन पॉल या दोघांनी 2012मध्ये या कामाला सुरुवात केली. गोष्ट अगदी साधी आहे. पिंकीच्या वाढदिवसाला जियाला पहिल्यांदा पाळी येते, सोबत मीरा असते, आणि डॉक्टर असलेली प्रियादीदी तिघींना समजावून सांगते. मुलींचा जीव बसतो तो इथे. समोर फळ्यावरची आकृती नसते, आपल्यासारखीच घाबरलेली पोरगी असते.

वर्गात मी सगळ्यांसमोर वाचून दाखवत नाही. प्रती वाचनालयात नोंद न करता देते आणि घरी नेऊ देते. सातवीतल्या एका मुलीने वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेलं होतं. आठवड्याने परत आणलं तेव्हा कव्हर काढलेलं. म्हणाली, "मॅडम, आईला वाचून दाखवलं. आईनं चित्रं दोनदा बघितली." तिची आई ऊसतोडीला जाते, वाचता येत नाही. तेवढ्यानेच माझे प्रतींचे पैसे वसूल झाले.

आहाराचा भागही उपयोगी. आम्ही शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो. पोरी ती तोंडात धरतात आणि मागे जाऊन थुंकतात, कारण ती कशासाठी हे कुणी धड सांगितलेलं नसतं. रक्त जातं म्हणजे लोह जातं, ते भरून काढायचं, हे चित्रातून कळल्यावर निदान माझ्यासमोर तरी गिळायला लागल्या. मेथी, शेवगा, गूळ-शेंगदाणे यांची भर मी माझ्याकडून घालते.

कमी काय वाटतं तेही सांगते. गोष्टीतलं घर वाढदिवस साजरा करणारं, सुखवस्तू. आमच्या मुली पाल ठोकून राहणाऱ्या घरातल्या, तिथे आडोसा आणि पाणी हाच पहिला प्रश्न. कापड वापरणाऱ्या कितीतरी जणी ते आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवतात. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायचं, लाजायचं नाही, हे मी वेगळा तास घेऊन सांगते. आणि एक प्रश्न दरवर्षी येतो, "मॅडम, पिशवी काढली की त्रास संपतो ना?" 2019मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत आमच्या जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 13,000हून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. मुलींनी ते आपल्या घरात पाहिलंय. नऊ वर्षांपासून पुढच्या मुलींसाठी लिहिलेल्या पुस्तकाकडून याचं उत्तर मागणं बरोबर नाही, पण इथल्या शिक्षिकेने त्या प्रश्नाची तयारी ठेवूनच पुस्तक हातात द्यावं.

रंगीत पुस्तक आहे, त्यामुळे किंमत गावाकडच्या पालकांना परवडेलच असं नाही. ग्रामपंचायत, माजी विद्यार्थी किंवा शाळा व्यवस्थापन समितीकडून वर्गासाठी पाच-सहा प्रती घ्याव्यात. एकच प्रत घेतली तर मागच्या बाकावरच्या मुलीपर्यंत ती पोचत नाही. मागवताना मराठी आवृत्तीच आहे ना, हे नीट बघा. मुलग्यांसाठी त्यांचंच 'गुलू' नावाचं कॉमिक आहे, आठवीच्या मुलांसाठी तेही सोबत मागवा.