ब्राउझर हँग होतोय: कॅशे साफ करावी, रिसेट करावा की पुन्हा इन्स्टॉल?

सदाशिव पेठेतल्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, एमपीएससीच्या शेवटच्या तारखेला क्रोम 'नॉट रिस्पॉन्डिंग' म्हणाला की हमखास मिळणारा सल्ला: 'काढ आणि परत टाक.' माझ्या मते तिन्हींत हाच कुचकामी. अनइन्स्टॉल करताना ब्राउझिंग डेटा पुसायची टिक केली नाही, तर प्रोफाइलचं (तुमच्या डेटाचं) फोल्डर जागेवरच राहतं आणि खराब कॅशेही, म्हणजे साइट्सच्या साठवून ठेवलेल्या फाइल्सही, त्यातच. टिक केली, तर बुकमार्क आणि पासवर्डही त्या संगणकावरून गेले.

आधी तीच साइट इन्कॉग्निटोत (खासगी विंडोत) उघडा. तिथे जुनी कॅशे वापरली जात नाही, शिवाय एक्स्टेन्शनही (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) सहसा बंद असतात. तिथे सुरळीत चाललं, तर दोष बहुधा या दोघांपैकी एकाचा.

मग कॅशेपासून सुरुवात करा, कारण त्यात गमावण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. गुरुवारी यूपीएस नसताना लाइट गेली आणि नेमकी तेव्हा कॅशेची फाइल लिहिली जात असेल, तर ती अर्धवट राहू शकते. ती पुसली की ब्राउझर साइटवरून नवी उतरवून घेतो. पहिल्यांदा पानं जरा हळू उघडतील, एवढंच. कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबा, वेळ 'ऑल टाइम' ठेवा (फक्त शेवटचा तास पुसला तर परवाची खराब फाइल तशीच राहते) आणि टिक फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स'वर ठेवा. कुकीजवरची टिक काढाच. नाहीतर सगळीकडून लॉगआउट व्हाल आणि पुन्हा ओटीपीची वाट बघत बसाल. हिस्टरीही नको: सिंक (फोन आणि संगणकावर तोच डेटा ठेवणारी सोय) चालू असेल तर ती फोनवरूनही उडते.

एवढ्यानं भागलं नाही, तरच रिसेट. त्यात क्रोम सगळी एक्स्टेन्शन बंद करतो आणि कुकीज पुसतो, पण बुकमार्क, हिस्टरी, पासवर्ड ठेवतो. फायरफॉक्सचा 'रिफ्रेश' जास्त समंजस: एक्स्टेन्शन काढतो, पण कुकीज राखतो, आणि जुना डेटा डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये ठेवून देतो.

क्रोमची विंडो उघडताच गोठत असेल तर मेन्यूपर्यंत पोचताच येणार नाही. तेव्हा टास्क मॅनेजरमधून क्रोम पूर्ण बंद करा. मग विंडोजच्या 'लोकल ॲपडेटा' फोल्डरात गूगल, क्रोम, यूजर डेटा, डिफॉल्ट या क्रमानं जाऊन फक्त 'कॅशे' आणि 'कोड कॅशे' ही फोल्डरं उडवा. अख्खं 'डिफॉल्ट' उडवू नका, पासवर्ड तिथेच असतात.

इन्कॉग्निटोतही गोठत असेल, तर कॅशेच्या मागे लागू नका. रॅम किती भरलीय ते बघा.